कोल्हापुरातनं आकाशगंगा बघायला कुठं जायचं? पन्हाळा बरोबर आहे का?

शाहूपुरीकर:
मंडळी, जरा मदत पाहिजे. लेक सहावीत आहे, शाळेत आकाशगंगेचा विषय निघाला तवापासनं डोकं खायला लागलीय, बाबा मला खरी दाखवा. दहा बाय पन्नासची दुर्बीण घेऊन टाकली, गच्चीवर गेलो, तर मृग, व्याध आणि अजून चारदोन ठळक तारे सोडले तर वर नुसता पिवळट उजेड. समोरच्यांनी पार्किंगला हॅलोजन लावलाय तो थेट आमच्या गच्चीत. रंकाळ्यावर जाऊन बघितलं तर भेळ तेवढी चांगली मिळाली. एका रात्रीत जाऊन येण्यासारखी जागा सांगा, बायको आणि लेक बरोबर असणार, फोर व्हीलर आहे, मुक्काम शक्यतो नको. जो तो पन्हाळा सांगतोय.

तांबडा_पांढरा:
पन्हाळाच की भावा. वीसएक किलोमीटर, रस्ता चांगला, वर गेलं की थंडगार, येताना झुणका भाकर. विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र पण पन्हाळ्यावरच आहे, उगाच नाही. विषय संपला.

अगस्त्य_बघणारा:
विषय संपला कसा? आधी बघायचं काय ते ठरवा, मग जागा. सगळे नुसतं "अंधार कुठं आहे" विचारतात, पण शहराचा उजेड कुठल्या दिशेला पडतो ते कुणी बघत नाही. पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येला, म्हणजे पन्हाळ्यावर उभं राहिलं की कोल्हापूर आग्नेयेला येतं, त्याच्याच आसपास शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी आणि लांब इचलकरंजी. वृश्चिक आणि धनु, म्हणजे आकाशगंगेचा जो दाट भाग लेकीला बघायचाय, तो उगवतो आग्नेयेलाच. बरोब्बर उजेडाच्या डोक्यावर. सज्जा कोठीपाशी उभं राहून खाली बघायला मजा येते, दिवाळी असल्यासारखं दिसतं, पण वर बघायला ती जागा उपयोगाची नाही.

पन्हाळा वाईट असं म्हणत नाही मी. पुसाटी बुरुजाच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेकडं तोंड करून थांबलात तर आत्ता फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसातच्या सुमारास वायव्येला देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा, दुर्बिणीतनं धुरकट ठिपक्यासारखी सापडते. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा उजेड आहे तो, हे लेकीला सांगा, ठिपका बघून निराश होणार नाही.

दाट आकाशगंगा मात्र या दिवसात संध्याकाळी दिसतच नाही हो. आत्ता रात्री मृगाच्या शेजारनं जाते ती पातळ बाजू, ती दिसायला पण चांगला अंधार लागतो. दाट भाग बघायचा तर मेमध्ये रात्री दहा-अकरानंतर, नाहीतर पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात संध्याकाळी साडेसातच्या आसपास नैऋत्येला. तेव्हा गगनबावडा बेस्ट, पंचावन्न किलोमीटर पडतं, शहर पाठीमागं पूर्वेला राहतं आणि समोर कोकणाकडची उतरण, काळोख. धुकं नसलं तर. गगनबावड्यात धुकं नसलं तर हे फार मोठं "तर" आहे.

आत्ता जवळच्या जवळ जायचं असेल तर गारगोटी रोड. कळंबा, कात्यायनी ओलांडून इस्पुर्लीच्या बाजूला जरा आत. शहर उत्तरेला पाठीशी राहतं आणि दक्षिण मोकळी मिळते. रात्री नऊच्या सुमारास जवळजवळ दक्षिणेला, हात लांब करून दोन मुठी क्षितिजाच्या वर, एक ठळक पांढरा तारा दिसेल, तो अगस्त्य. व्याधाच्या खालोखाल आख्ख्या आकाशात तोच तेजस्वी. दिल्लीवाल्यांना तो क्षितिजाला टेकलेला दिसतो, आपल्याला वीस अंश वर. त्याच रस्त्यावरनं मेच्या सुरुवातीला रात्री नऊ-साडेनऊला त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेकडचा चार ताऱ्यांचा क्रूस, दिसतो. वळवाचा एक सडका येऊन गेला की दुसऱ्या रात्री जा, धूळ सगळी खाली बसलेली असते, आकाश धुऊन काढल्यासारखं.

भोगावतीकाठची:
दादा, वरच्यांनी दिशा बरोबर सांगितली पण रस्त्याचं कुणीच बोलंना म्हणून लिहिते. आत्ता कारखाने सुरू आहेत. गारगोटी रोडला बिद्री, राधानगरी रोडला परिते, दोन्हीकडं रात्रभर ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालू. एकामागं दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरनं टेप एवढा मोठा लावलेला असतो की तुमचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत जात नाही. समोरनं गाडी आली आणि तिचा उजेड डोळ्यात गेला की ट्रॉली दिसतच नाही. येताना चाळीसच्या वर जाऊ नका. कारखान्याच्या आसपास थांबूही नका, तिथं रात्रीचा दिवस असतो, आणि फडात पाचट पेटवलेलं असलं की धुरानं तारेबिरे गायब.

राधानगरी-दाजीपूरकडं आकाश काय असतं ते मी लहानपणापासनं बघतेय, नाद नाही. पण लेकरू घेऊन रात्री जंगलाच्या रस्त्यावर गाडी लावून उभं राहणं नको. गव्यांचंच अभयारण्य आहे ते, गवा रस्त्यात येऊन थांबला की हलत नाही, हॉर्न तर अजिबात वाजवायचा नाही. आणि रात्री अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. त्यापेक्षा आमच्यासारख्या एखाद्या गावात ओळखीचं कुणी काढा. गुऱ्हाळ चालू असलं तर रस प्या, काकवी घ्या आणि मळ्यातल्या घराचा बाहेरचा दिवा घालवायला सांगा. लोक आनंदानं घालवतात, वर स्वतः पण चटई टाकून बसतात. न विचारता कुणाच्या रानात गाडी घातली तर मात्र मोटार चोरायला आलात असं समजून दहा माणसं गोळा होतील, विहिरीवरच्या मोटारी जायला लागल्यात सगळीकडं.

मसाई_पठार_फॅन:
फोटो काढायचे असतील तर मसाई पठार. पन्हाळ्याच्या पुढं, सडा एकदम मोकळा, चारी दिशा दिसतात, कोल्हापूरचा उजेड एका कडेला राहतो. ट्रायपॉड, कॅमेऱ्याची आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) ३२००, शटर वीस सेकंद उघडं, झालं. पण रस्ता कच्चा आहे आणि वर ना पाणी ना माणूस, फॅमिली घेऊन पहिल्यांदा अंधारात नका जाऊ, एकदा दिवसा बघून या.

शाहूपुरीकर:
बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. मग आत्ता गारगोटी रोड, आणि आकाशगंगा मेमध्ये, असं लेकीला सांगतो, तोंड पाडेल पण चालतंय. बायकोच्या मावशीचं गाव त्याच बाजूला आहे, तिथंच जमवतो. रात्र कुठली धरू? आणि या दुर्बिणीत शनीची कडी दिसतात का, दुकानदार दिसतात म्हणाला.

अगस्त्य_बघणारा:
दुकानदाराला काय, विकायची होती. कडी दिसायला टेलिस्कोप लागतो. या दुर्बिणीत गुरूचे चार चंद्र दिसतील, पण हात हलता कामा नये, खुर्चीच्या पाठीवर नाहीतर भिंतीवर टेकवा. कृत्तिका बघा, साध्या डोळ्याला सहा दिसतात तिथं दुर्बिणीत गर्दी होते. आणि मृगाच्या पोटातला जो तीन ताऱ्यांचा बाण आहे त्याच्या खाली एक धुरकट पुंजका आहे, तो मृगातला तेजोमेघ, तिथं नवे तारे तयार होतायत. लेकीला आवडेल.

रात्र अमावस्येच्या अलीकडची पलीकडची धरा. शनिवार पाहिजे असेल तर कॅलेंडरात संकष्टी बघा, त्या दिवशी चंद्र नऊच्या आसपास उगवतो आणि पुढं रोज पाऊणएक तास उशिरा, म्हणजे संकष्टीनंतर तीनचार दिवसांनी मध्यरात्रीपर्यंत आकाश तुमचंच.

मोबाईल मात्र गाडीत ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक व्हॉट्सॲप उघडलं की पहिल्यापासनं सुरुवात. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद दोनतीन पदरी गुंडाळून रबर लावा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

तांबडा_पांढरा:
अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं मूर्तीवर येतात त्या किरणोत्सवाच्या वाटेत इमारती येतात म्हणून आपण दरवर्षी बोंब मारतो, या हॅलोजनांबद्दल कोण बोलणार? शाहूपुरीकर, समोरच्यांना सांगून बघा, दिव्यावर वरनं नुसतं पत्र्याचं टोपण बसवलं आणि तोंड खाली केलं तरी पार्किंगला उजेड तेवढाच पडतो.

भोगावतीकाठची:
आणि स्वेटर घ्या सगळ्यांनी. कोल्हापुरात गरम होतंय म्हणून तसंच येतात लोक, नदीकाठाला रात्री दव पडतं, दुर्बिणीच्या काचा पण पाणावतात, सुती फडकं ठेवा. मावशींना आधी फोन करा, नाहीतर जेवल्याशिवाय सोडणार नाहीत आणि तुमचे नऊ तिथंच वाजतील.