मदत हवी आहे: बातमीतल्या ‘क्लेम’ला दर वेळी ‘दावा’च का?

इंग्रजी बातम्या मराठीत करताना ‘क्लेम’ या क्रियापदापाशी अडायला होतं. ‘फ्लड क्लेम्स १२ लाइव्ह्ज’ सोपं आहे, ‘पुराचे १२ बळी’. विम्याचा दावाही ठीक. अडचण बोलण्याच्या अर्थाची.

इंग्रजीत ‘सेड’ तटस्थ, तर ‘क्लेम्ड’मध्ये ‘हे खरं असेलच असं नाही’ असा सूर. म्हणून तिकडचे संपादक तो जपून वापरायला सांगतात. पण बातमीदार कधीकधी निव्वळ पुनरुक्ती टाळायला ‘सेड’च्या जागी ‘क्लेम्ड’ लिहितो. तिथे ‘दावा केला’ लिहिलं की मुळात नसलेला संशय मराठीत येतो.

‘सांगितले’ वापरून पाहिलं. ‘शत्रूची दोन विमाने पाडल्याचे लष्कराने सांगितले’ हे वाचून विमानं पडलीच असं वाटतं. ‘पाडली, असे लष्कराचे म्हणणे आहे’ बरं, पण सहा-सात शब्दांच्या शीर्षकात मावत नाही. ‘कथित’ तर आरोपांच्या बातमीतच शोभतो.

सगळ्यात घोळ ‘क्लेम्ड रिस्पॉन्सिबिलिटी’चा. रूढ भाषांतर ‘जबाबदारी स्वीकारली’. पण एकाच स्फोटावर दोन संघटना हक्क सांगतात तेव्हा दोघींनी ‘स्वीकारली’ कसं लिहायचं? ‘स्वीकारली’ म्हटलं की कृत्य त्यांचंच, हे आपणच ठरवून टाकतो.

मूळ बातमीदाराला विचारायची सोय नसते आणि पडताळणीला वेळही नसतो, हे धरून सांगा: ‘क्लेम’मध्ये खरंच संशय आहे की नाही, हे मजकुरातल्या कोणत्या खुणांवरून ठरवता? आणि शीर्षकात मावेल असं, ‘दावा’ आणि ‘सांगितले’ यांच्या मधलं क्रियापद कोणतं वापरता?