शेतीपंपाच्या सर्व पुस्तिकांसाठी एकच सोर्स फाइल असावी का?

मूळ मत (टेक्निकल रायटर)

सिंगल-फेज आणि थ्री-फेज पंपांच्या पुस्तिका वेगवेगळ्या फायलींमध्ये सांभाळण्याची पद्धत बंद व्हावी, असे माझे ठाम मत आहे. दोन मॉडेल, शेतकरी आणि मेकॅनिक असे दोन वाचक, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी या तीन भाषा धरल्या तर १२ दस्तऐवज होतात. टर्मिनल बॉक्सविषयीची एक सूचना बदलली की ती १२ ठिकाणी बदलावी लागते आणि एखादे ठिकाण हमखास राहून जाते; ती सूचना विजेच्या धक्क्याबाबतची असेल तर गाठ थेट जिवाशी असते. त्याऐवजी प्रत्येक भाषेची एकच सोर्स फाइल, म्हणजे जिच्यातून पुस्तिका तयार होतात ती मूळ फाइल, ठेवून, मॉडेल आणि वाचक यांनुसार परिच्छेदांना टॅग (कोणता परिच्छेद कोणत्या आवृत्तीत जाईल हे सांगणारी खूण) लावले, तर हव्या त्या आवृत्त्या त्यातूनच काढता येतात. ही कल्पना नवी नाही. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या टेक्सइन्फो या मॅन्युअल तयार करण्याच्या प्रणालीमध्ये छापील मॅन्युअल आणि पडद्यावरचे मॅन्युअल १९८० च्या दशकापासून एकाच फाइलमधून निघते, आणि आयबीएममध्ये तयार झालेली डिटा ही सुट्या विषयांतून दस्तऐवज रचण्याची पद्धत २००५ साली ओअ‍ॅसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक झाली.

प्रतिसाद १ (सर्व्हिस विभाग)

मी असहमत आहे. मेकॅनिकची पुस्तिका गाळून शेतकऱ्याची पुस्तिका होत नाही. थ्री-फेज मोटर उलटी फिरत असेल तर मेकॅनिकला एवढेच सांगणे पुरते की कोणत्याही दोन फेजच्या तारांची अदलाबदल करा. शेतकऱ्याला मात्र दिशा उलटी आहे हे कळणार कसे, पाणी कमी का येते आणि अशा वेळी स्वतः तारांना हात न लावता कोणाला बोलवायचे, हे आधी सांगावे लागते. विषय एक असला तरी क्रम, वाक्ये आणि धीर देण्याची रीत वेगळी असते; टॅग लावून ती येत नाही.

प्रतिसाद २ (भाषांतरकार)

माझा विरोध याहून बारीक जागी आहे. उत्पादनाचे नाव बदलते म्हणून वाक्यात त्याच्या जागी व्हेरिएबल, म्हणजे आवृत्तीनुसार आपोआप भरली जाणारी रिकामी जागा, टाकले जाते. इंग्रजीत ते खपते, मराठीत खपत नाही. ‘पंप सुरू झाला नाही तर तो उघडू नका’ या वाक्यात ‘पंप’च्या जागी ‘मोटर’ येताच ‘झाला’ आणि ‘तो’ दोन्ही चुकतात. शिवाय व्हेरिएबलला थेट प्रत्यय जोडला की ‘पंपाला’ऐवजी ‘पंपला’ छापून येते. अशी पुस्तिका हाती पडल्यावर कंपनीने आपल्यासाठी दोन ओळी नीट लिहिण्याचेही कष्ट घेतले नाहीत, असेच वाचकाला वाटते, आणि मग तो धोक्याची सूचनाही मनावर घेत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

व्हेरिएबलबाबतचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वाक्याच्या पोटात टॅग किंवा व्हेरिएबल घालूच नये, संपूर्ण पायरी किंवा संपूर्ण परिच्छेद हेच सर्वांत लहान एकक मानावे. क्रमाच्या प्रश्नाला डिटामध्ये उत्तर आहे: विषय सुटे लिहायचे आणि प्रत्येक पुस्तिकेसाठी वेगळा मॅप करायचा, ज्यात त्या वाचकाला लागणारेच विषय त्याच्या क्रमाने येतात. शेतकऱ्यासाठीचे स्पष्टीकरण वेगळेच लिहावे, पण सिंगल-फेज मोटरचा कपॅसिटर वीज बंद केल्यानंतरही भारित राहू शकतो, ही सूचना दोन्ही पुस्तिकांत एकाच जागेवरून यायला हवी. तिची दुसरी प्रत मी कोणत्याही कारणासाठी मान्य करणार नाही.

प्रतिसाद ३ (तपासणी विभाग)

तत्त्व पटले तरी तपासणीचे काय? टॅग लावण्यासाठी हो-नाही स्वरूपाच्या (उदा. पंप थ्री-फेज आहे की नाही) तीन अटी असल्या तर ८ आवृत्त्या संभवतात, दहा असल्या तर १,०२४. लेखक सोर्स वाचतो, ग्राहक आवृत्ती वाचतो. एका परिच्छेदाचा टॅग चुकला तर सिंगल-फेज पंपाच्या मालकाला फेज बदलण्याची सूचना मिळते आणि सोर्स वाचताना ती कोणाच्याही नजरेत येत नाही. अटी दोनच ठेवा, आणि छापायला जाणारी प्रत्येक पीडीएफ मोटर प्रत्यक्ष समोर ठेवून मेकॅनिककडून वाचून घ्या. ही अट मान्य असेल तर एका सोर्सला माझा विरोध नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

सुरक्षेच्या सूचना एका जागी ठेवायला माझीही हरकत नाही. उरलेली शेतकऱ्याची पुस्तिका मात्र स्वतंत्र फाइलमध्ये, शेतकऱ्यांशी रोज बोलणाऱ्या माणसाने लिहावी, यावर मी ठाम आहे.