गटात पाच जण, सोल्डरिंग आयर्न कोणाच्या हातात?

टीचरबाय

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. सरकारच्या कोडिंग-रोबोटिक्स योजनेतून आमच्या सहावी ते आठवीच्या वर्गांत किट आली, तेव्हापासून मुलं या तासाला उड्या मारत येतात. एका किटमागे पाच जण. गट मी मुद्दाम मिश्र करते.

मागच्या टर्मला काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी करायला दिली. जमिनीवर टेप चिकटवायची, गाडीच्या पोटाखालचे सेन्सर ती ओळखतात आणि गाडी वळणं घेत जाते. एका गटाची गाडी दुसऱ्या वळणावर हटकून भरकटायची. तिघे मुलगे लॅपटॉपवर आकडे बदलून बदलून दमले. वही एका मुलीकडे होती. (वही मुलीकडेच असते. अक्षर चांगलं म्हणून!) मी सहज ती वही उघडली, तर तिने प्रत्येक फेरीची वेळ लिहिली होती आणि खाली बारीक अक्षरात: ‘साडेदहाच्या आधी बरोबर जाते. ऊन आल्यावर चुकते.’ खिडकीतलं ऊन नेमकं त्याच वळणावर पडत होतं. सेन्सर चालतात इन्फ्रारेडवर, आणि उन्हात तेच किरण खच्चून भरलेले. खिडकीला स्नेहसंमेलनाचा जुना बॅनर बांधला. गाडी निमूट वळली.

तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, “टीचर, मला कोणी विचारलंच नाही.”

प्रदर्शनात परीक्षकांना गाडी समजावून सांगितली मुलग्यांनी. ती चार्ट धरून उभी.

म्हणून माझा विचार असा. आजूबाजूच्या तीन शाळांनी किट एकत्र करावीत, इंजिनिअरिंगला असलेल्या चार-पाच मुलींना शिकवायला बोलवावं आणि महिन्यातले दोन शनिवार फक्त मुलींचा गट चालवावा. स्टाफरूममध्ये यावरून दोन तट पडलेत. तुमचं मत हवं आहे, कौतुक नको.

वेर्णेकर

टीचर, निरीक्षण पटलं. उपाय अजिबात पटला नाही.

वेर्णा औद्योगिक वसाहतीत माझी वीस वर्षं गेली. लाइन बंद पडली की मेंटेनन्सचे चार पुरुष आणि क्वालिटीची एक मुलगी असं टोळकं मशीनभोवती जमतं. तिथे त्या मुलीला चौघांचा आवाज कापून बोलावं लागतं. ही सवय कधी लागणार? आठवीत नाही तर कधी? तुम्ही तिला वेगळ्या खोलीत बसवलंत तर ती सोल्डर मारायला शिकेल, पण ‘बाजूला हो, मला बघू दे’ म्हणायला शिकणार नाही. आणि मुलगे काय शिकतील? मुलींचं सायन्स म्हणजे शनिवारचं, वेगळं, जरा सोपं.

गट मिश्रच ठेवा आणि कामं फिरवा. या आठवड्यात वही तिच्याकडे, पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे. त्याला कसलाही उपक्रम लागत नाही, शिट्टी लागते.

पुण्यातली गोंयकान्न

वेर्णेकर, शिट्टीवाले सर आम्हालाही होते.

इंजिनिअरिंगला मी मेकॅनिकल घेतलं तेव्हा साठांच्या वर्गात आम्ही पाच मुली. कॉलेजचं नाव सांगत नाही. वर्कशॉपमध्ये लेथवर पाळीपाळीने सगळ्यांनी काम करायचं असा कागदावर नियम होता. माझी पाळी आली की कोणीतरी मायेने म्हणायचं, तू रीडिंग घे ना, ड्रेसवर ऑइल उडेल. कोणी दुष्ट नव्हतं. तेच तर अवघड असतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं, मदत करणाऱ्याशी कसं भांडणार? चार वर्षांत मी व्हर्नियरची एक नंबर रीडर झाले. धातू कापताना टूलचा आवाज बदलतो हे मला कळलं नोकरीच्या पहिल्या महिन्यात, तेही रात्री थांबून एकटीने मशीन चालवलं तेव्हा.

दुसरं. आमच्या गावात पौषात बायका धालो घालतात, म्हणजे रात्री ओळी धरून नाचत गातात. त्यांच्या ठरलेल्या अंगणात, मांडावर, पुरुषाला जागा नाही, तो लांबून बघणार. एरवी सासऱ्यासमोर तोंड न उघडणारी माझी काकी त्या रात्री अख्खी ओळ पुढे नेते. ती वर्षभर पुरुषांत बसली असती तर तिचा आवाज असा कधी सुटला असता? टीचरबाय, तुमचा शनिवार मला मांडासारखा वाटतो. होऊ दे.

वेर्णेकर

आणि धालो संपल्यावर काकी परत सासऱ्यासमोर गप्पच ना? माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

पुण्यातली गोंयकान्न

हं. हा बाण लागला. पण गप्प राहणं आणि आवाजच नसणं यात फरक आहे हो.

भाटकारमामा

मी जुन्या वळणाचा माणूस, रागावू नका. दहावी-बारावीचे निकाल लागतात तेव्हा गोव्यात मुली बहुतेक वेळा पुढे. मागे कोण पडतंय? मुलगे. माझ्या वाड्यावरचे निम्मे बारावी कशीबशी काढून तारवार, म्हणजे जहाजावर नोकरीला, गेले, उरलेले पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडात, गोदामात पेट्या उचलायला. त्यांच्यासाठी कोणाचा शनिवार आहे का? ज्याला ताप आहे त्याला काढा द्यायचा की बऱ्या माणसाला?

टीचरबाय

मामा, राग कसला. मुलग्यांची काळजी मलाही आहे आणि माझ्याच वर्गातले दोघे तारवाची स्वप्नं बघतात. पण ताप एकच नाही. मुलगा शाळेत टिकत नाही हा एक आजार. मुलगी टिकते, पहिली येते आणि तरी तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर येत नाही, हा दुसरा. निकालाच्या कागदावर दुसरा दिसतच नाही.

आणि तारवावर मुली जात नाहीत थोड्याच. नौदलाच्या सहा अधिकारी 10 सप्टेंबर 2017 ला इथूनच ‘तारिणी’वर निघाल्या आणि 21 मे 2018 ला पृथ्वीप्रदक्षिणा करून इथेच परतल्या. ती होडी आपल्या दिवाडी बेटावर बांधलेली. भर समुद्रात काही मोडलं तर दुरुस्त कोण करणार? त्याच सहा जणी. तिथे वही धरून भागत नाही.

आकडेमोड

सगळे जण शाळेतच का अडकलेत कळत नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत 2020-21 साली विज्ञानाच्या पदवीला मुली निम्म्याहून जरा जास्तच होत्या. म्हणजे विज्ञानाकडे वळवा वगैरे काम झालेलं आहे. इंजिनिअरिंग-तंत्रज्ञानाला त्या साधारण 29 टक्के. पण संशोधन आणि विकासात काम करणाऱ्यांत बघा: 2018-19 च्या सरकारी आकड्यांत संशोधकांमध्ये बायका 16.6 टक्के. गळती एमएस्सीनंतरची आहे. लग्न, बाळंतपण, बदली, पाळणाघर नाही. आठवीच्या पोरींना गाड्या बनवायला लावून ती कशी थांबणार? घागरीला खाली भोक आणि तुम्ही वरून कळशी ओतताय.

पैसा असेल तर पाळणाघरावर घाला.

दोनापावलाकडची

आकडेमोड, पाळणाघराला माझे दोन्ही हात वर. समुद्रविज्ञानात उमेदीची वर्षं घालवली, त्यातली चार मुलाच्या आजारपणात ‘नंतर बघू’ म्हणत गेली. पण खालचं भोक बुजेपर्यंत वरची कळशी थांबवायची का?

शाळांच्या सहली मी बऱ्याच पाहिल्या आहेत. मुलं येतात, माशांचे नमुने बघतात, वास्कोच्या सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात पेंग्विनचा फोटो काढतात, सामोसा खाऊन परत. आदिती पंत यांचं नाव आम्ही प्रत्येक भाषणात घेतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे इथल्याच. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या, तिथे पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. मुली टाळ्या वाजवतात. पण भिंतीवरच्या फोटोला शंका विचारता येत नाही. शेजारच्या गावातली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, बॅकलॉग राहिलेली ताई असेल तर तिला विचारता येतं. टीचरबाय, तुमच्या योजनेतला मला आवडलेला भाग तो आहे.

(अवांतर: 28 फेब्रुवारीला आपण रामन यांच्या शोधाचा विज्ञान दिन करतो आणि त्या दिवशी मुलींना प्रोत्साहनाची भाषणं देतो. याच रामन यांनी 1933 मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत कमला भागवत, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, यांना मुलगी म्हणून आधी नाकारलं आणि मग वर्षभर अटींवर ठेवून घेतलं. 1939 मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. भाषणात हे कोणी सांगत नाही.)

आता माझी तक्रार. तीन शाळा एकत्र म्हणजे तुम्ही नक्की काय एकत्र करणार? किटच ना? मग ती भागीदारी झाली, सहकार्य नव्हे. गाडी बनवण्यात मुळात पाच जणांचं कामच नाही. दोघं पुरतात, म्हणून जो पुढे घुसतो तो पकडतो आणि उरलेल्यांना चार्ट. असं काम द्या की एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशिवाय फुकट जाईल. उदाहरणार्थ नदी. तुमच्याकडे ती म्हादई, खाली उतरून मांडवी. एक शाळा सत्तरीतली, एक भरती जिथवर चढते त्या पट्ट्यातली, एक पणजीकडची. ठरलेल्या दिवशी, भरतीच्या वेळा धरून, तिन्हीकडे पाण्याचा खारेपणा मोजायचा. हातात मावणारं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं, थेंबभर पाणी टाकून डोळ्याला लावायचं. वर शून्य, समुद्रात हजार भागांत 35 च्या आसपास, मधल्या शाळेचा आकडा पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये पार वेगळा. हा आलेख एका शाळेला काढताच येत नाही. तिथे वही धरणारी हीच मुख्य.

वेर्णेकर

हे झकास. आणि यात मुलगे-मुली वेगळे करायची गरज उरत नाही, बरं का!

मांडवीकाठ

एक भर. अमेरिकेत हार्वे मड नावाचं छोटं कॉलेज आहे. तिथे कम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली दहाएक टक्के होत्या, 2006 नंतर पाच-सहा वर्षांत 40 टक्क्यांच्या आसपास गेल्या. त्यांनी मुलींचे वेगळे वर्ग काढले नाहीत. पहिल्याच कोर्सला आधी कोडिंग केलेले एकीकडे आणि कधीच न केलेले दुसरीकडे अशी विभागणी केली. शिवाय वर्गात सारखी हुशारी दाखवणाऱ्यांना सर बाजूला घेऊन सांगत, बाबा, आपण हे नंतर बोलू.

म्हणजे भिंत घालायचीच तर अनुभवाची घाला. ज्याच्या घरी बाबा स्कूटर खोलतात तो एका बाजूला. ज्याने पाना पकडलाच नाही तो दुसऱ्या बाजूला, मग तो भाटकारमामांच्या वाड्यावरचा मुलगा का असेना.

पुण्यातली गोंयकान्न

चांगलं आहे, पण ती कॉलेजची गोष्ट. अठराव्या वर्षी तिथे पोचलेली मुलगी मुळात चाळणीतून आलेली असते. तेराव्या वर्षी, आठवीत, ज्या वयात मुलगी वर्गात हात वर करायची थांबते, तिथे हा हिशेब चालेल का?

भाटकारमामा

मांडवीकाठ यांचं मला पटलं. माझ्या वाड्यावरच्यांनी पाना बघितलाय, पण पुस्तक नाही. त्यांचीही एक बाजू करा.

सांगेची आय

मी शिकलेली कमी, पण माझी मुलगी नववीला आहे आणि तिला हे सगळं आवडतं. तुम्ही सगळे गट कसा करायचा ते बोलताय. मुलगी घरी कशी येणार ते कोणी बोललं नाही.

आमच्याकडे शाळा सुटली की बालरथ, म्हणजे शाळेची बस, निघतो. तो क्लबासाठी थांबत नाही. मागच्या वर्षी एका संस्थेने शाळा सुटल्यावर कोडिंग शिकवायचं ठरवलं होतं. संस्थेचं नाव नको. पहिल्या दिवशी वीस मुलं, त्यात अकरा मुली. दुसऱ्या आठवड्यात मुलगे सायकलने, कोणाच्या तरी बाइकवर मागे बसून यायला लागले. मुली उरल्या तीन, ज्यांची घरं शाळेजवळ. शेवटी अहवालात लिहिलं, मुलींमध्ये आवड कमी. ते वाचून माझी मुलगी रडली.

विज्ञान ज्योती म्हणून केंद्राचा कार्यक्रम आहे असं ऐकलं, नववी ते बारावीच्या मुलींना आयआयटी-एनआयटीसारख्या ठिकाणी नेतात, आईबापांशीही बोलतात. तो चालतो मुख्यतः नवोदय विद्यालयांतून. नवोदय आपल्याकडे वाळपईला आणि काणकोणला. मधल्या आमच्यासारख्यांचं काय?

आकडेमोड

हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. ‘आवड कमी’ या रकान्यात बसची वेळ लपलेली असते, हे लक्षात ठेवीन. पाळणाघराचं म्हणणं मात्र सोडत नाही.

टीचरबाय

सगळं वाचलं, दोनदा. माझं थोडं बदललं, थोडं नाही.

गाडी बाजूला ठेवते. नदी घेऊ. दोनापावलाकडच्या बाईंनी सांगितलं तसं तीन शाळा, तीन जागा, एकच आलेख. गावातल्या किनाऱ्यावर पाणी काढायला मुलगे हवेतच, वेर्णेकर म्हणतात तसे पाळीपाळीने, आणि आकडा ज्याने मोजला त्यानेच तो प्रदर्शनात सांगायचा. चार्ट धरायला स्टँड आणणार आहे.

पण पहिले तीन महिने मुलींचा वेगळा गट राहील. मांडवीकाठ, तुमचा अनुभवाचा निकष मला पटतो, पण माझ्या वर्गात पाना न धरलेल्यांची यादी केली तर ती जवळजवळ मुलींच्या हजेरीपटासारखीच होते. त्या यादीत जे तीन-चार मुलगे येतील त्यांनाही त्याच गटात घेते. मामा, तुमच्या वाड्यावरचा कोणी असेल तर पाठवा.

शनिवार रद्द. शाळेच्या वेळातच, कार्यानुभवाचे दोन तास जोडून घेते. मुख्याध्यापकांशी भांडण होईल, ते माझं मी बघेन. फक्त नदीवर जायच्या दिवशी भरती आपल्यासाठी थांबणार नाही, त्या दिवशी उशीर होईल.

वेर्णेकर

वेगळ्या गटाला माझा विरोध नोंदवून ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर किती लागतील ते सांगा.

टीचरबाय

शाळेमागे दोन. सहा.

सांगेची आय

आमची शाळा तुमच्या तिघांत नाही, पण पुढच्या वर्षी घ्या. नदी आमच्याकडेही आहे. उशीर किती, ते मात्र आधी सांगा. अडीचला सुटलं तर तीनची बस मिळते. ती चुकली की मग साडेपाच.