मदत हवी आहे : पंचकोनाला नेमके दोन सममिती अक्ष का असू शकत नाहीत?

नमस्कार. मी आठवीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. सममिती शिकवत असताना एका विद्यार्थिनीने एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर तिच्या इयत्तेच्या गणितात बसवून कसे सांगावे, यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

त्रिकोणाला सममिती अक्ष (ज्या रेषेवर घडी घातली की आकृतीचे दोन्ही भाग तंतोतंत जुळतात ती रेषा) शून्य, एक किंवा तीन असतात, हे मुलांनी घड्या घालून पाहिले होते. चौकोनांत साध्या समांतरभुज चौकोनाला एकही नाही, पतंगाला एक, आयताला दोन आणि चौरसाला चार, हेही पाहून झाले. त्यानंतर या मुलीने स्वतःहून वेगवेगळे पंचकोन कापून पाहिले, तेव्हा तिला शून्य, एक आणि पाच एवढ्याच संख्या मिळाल्या. तिचे म्हणणे असे, की दोन, तीन किंवा चार अक्षांचा पंचकोन मला सापडला नाही, पण तो कोणालाच सापडणार नाही हे कशावरून? आठवीतल्या मुलीला ‘सापडत नाही’ आणि ‘असूच शकत नाही’ यांतला फरक स्वतःहून जाणवावा, याचे मला फार मोल वाटते आणि म्हणूनच तिला ‘पुढच्या इयत्तांत कळेल’ असे सांगून वाटेला लावायचे नाही.

वर्गात काय झाले आहे तेही सांगते. कागदाच्या लांब, सारख्या रुंदीच्या पट्टीला साधी गाठ मारून ती हलक्या हाताने चपटी केली की सुसम, म्हणजे सर्व भुजा आणि सर्व कोन समान असलेला, पंचकोन तयार होतो. तो गिरवून, कापून, प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या भुजेच्या मध्यबिंदूपर्यंत घडी घातली की पाचही अक्ष दिसतात. मग याच पंचकोनाच्या एका भुजेलगतची अरुंद पट्टी त्या भुजेला समांतर कापून टाकली. उरलेल्या पंचकोनाचे पाचही कोन १०८ अंशांचेच राहिले, मात्र भुजा असमान झाल्या आणि अक्ष एकच उरला. उलट, चौरसाच्या एका भुजेवर बाहेरच्या बाजूस समभुज त्रिकोण काढला तर पाचही भुजा समान असलेला पंचकोन मिळतो, परंतु त्याचे कोन ६०, १५०, ९०, ९० आणि १५० अंशांचे असल्यामुळे त्यालाही एकच अक्ष असतो. म्हणजे नुसत्या समान भुजा किंवा नुसते समान कोन पुरत नाहीत, इथपर्यंत मुले आली आहेत.

गटसिद्धांत या सममितीचा अभ्यास करणाऱ्या उच्च गणिताच्या शाखेच्या आधारे याचे उत्तर दोन ओळींत देता येते, हे मला ठाऊक आहे. मला हवी आहे ती भुजा आणि कोन एवढ्यांवरच उभी असलेली सिद्धता. शिवाय षट्कोनाला चार अक्ष का नसतात, हा तिचा पुढचा प्रश्न तयारच आहे.

प्रतिसाद

आपल्या विद्यार्थिनीचे मनापासून कौतुक. ज्याचा एकही कोन १८० अंशांहून मोठा नाही, असा पंचकोन अबकडइ घ्या. अक्षावर नसलेले शिरोबिंदू घडी घातल्यावर जोडीजोडीने एकमेकांवर पडतात. एकूण शिरोबिंदू पाच, म्हणजे विषम, असल्यामुळे अक्षावरच्या शिरोबिंदूंची संख्याही विषमच, म्हणजे निदान एक तरी अक्षावर असलाच पाहिजे. आणि अशा पंचकोनाच्या आतून जाणारी रेषा दोनपेक्षा जास्त शिरोबिंदूंतून जाऊ शकत नसल्यामुळे तो नेमका एकच असतो. अक्ष त्या शिरोबिंदूपाशी असलेल्या कोनाचा दुभाजक असतो, म्हणून एका शिरोबिंदूतून दोन अक्ष जात नाहीत.

आता समजा, अ आणि ब या लगतच्या शिरोबिंदूंतून एकेक अक्ष जातो. अ मधून घडी घातली की ब हा इ वर आणि क हा ड वर पडतो. म्हणून कोन ब = कोन इ, कोन क = कोन ड; तसेच अब = अइ, बक = इड. ब मधून घडी घातली की अ हा क वर आणि इ हा ड वर पडतो. म्हणून कोन अ = कोन क, कोन इ = कोन ड; तसेच बअ = बक, अइ = कड. ही समीकरणे एकापुढे एक लावली की पाचही कोन समान आणि पाचही भुजा समान ठरतात, म्हणजे पंचकोन सुसमच निघतो आणि त्याला पाच अक्ष असतात. अ आणि क हे लगत नसलेले शिरोबिंदू घेतले तरी याच रीतीने तेच हाती येते. दुसरा अक्ष आला की उरलेले तीन आपोआप येतात, त्यामुळे दोन, तीन किंवा चार यांना जागाच उरत नाही.

षट्कोनाबाबत : एका अक्षात परावर्तन करून (म्हणजे आरशातल्यासारखी आकृती उलटवून) लगेच शेजारच्या अक्षात परावर्तन केले, तर एकूण परिणाम त्या दोन अक्षांमधील कोनाच्या दुपटीइतक्या फिरवण्याचा होतो. चार अक्ष असते तर शेजारच्या अक्षांत ४५ अंशांचा कोन असता, म्हणजे आकृती ९० अंशांतून फिरवल्यावर स्वतःवरच बसली असती. अशा फिरवण्यात शिरोबिंदू चारचारांच्या गटांत विभागले जातात आणि सहा शिरोबिंदूंचे तसे गट पडत नाहीत. हाच विचार सगळीकडे लागू पडतो : अक्ष एकाहून अधिक असतील, तर त्यांच्या संख्येने भुजांच्या संख्येला निःशेष भाग गेला पाहिजे. सप्तकोनाला म्हणूनच शून्य, एक किंवा सात. नवकोनाला मात्र तीनही चालतात.

धागालेखिका

अगदी हवे तेच मिळाले, मनापासून आभार. अ आणि क यांची सिद्धता मी फळ्यावर सोडवणार नाही, ती मुलांनाच करू देईन. एक शंका उरते. फिरवण्याच्या युक्तिवादात सर्व अक्ष एकाच बिंदूतून जातात हे गृहीत धरले आहे. घड्यांमध्ये ते दिसते, पण ही मुलगी त्याचेही कारण विचारणार. दोन अक्ष समांतर का असू शकत नाहीत आणि तिसरा अक्ष त्यांच्या छेदनबिंदूतूनच का जातो, हे आठवीच्या भूमितीत कसे मांडता येईल?