सोलवटलेली पर्स आणि उरलेलं कापड : चिकटवू की शिवू?

नमस्कार मंडळी,

शिवणकामातून उरलेले तुकडे भरपूर साठले आहेत. बहुतेक सुती, थोडी डेनिम. आणि रोज हाताशी लागणाऱ्या काही वस्तू वरून खराब झाल्या आहेत, आतून मात्र ठणठणीत आहेत. त्या टाकवत नाहीत. रुंद हेअरबँडची चिंता नाही, त्याला उरेब पट्टी लावेन. तिरपं कापलेलं कापड ताणलं जातं, त्यामुळे वळणावर चुण्या पडत नाहीत.

अडलंय ते खांद्याच्या पर्सवर. चेन, कप्पे, अस्तर सगळं धड आहे, फक्त झाकणाचं आणि पट्ट्याचं रेक्झिन पापुद्रे धरून सुटतंय. या रेक्झिनवरचा थर पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेने तो कमकुवत होत जातो, न वापरता कपाटात ठेवलेल्या पर्सचेसुद्धा. म्हणजे आज पक्का दिसणारा भागही पुढे सुटणारच. त्यावर कापड चिकटवलं तर उद्या कापडासकट पापुद्रा हातात येईल, ही माझी खरी भीती आहे.

मग शिवायचं म्हटलं, तर रेक्झिनला सुईने पडलेलं भोक बुजत नाही. टाके जवळजवळ आले की त्याच रेषेवर फाटतं. शिवाय तयार पर्स मशीनच्या पायाखाली नीट बसत नाही, म्हणजे हातशिलाईच. इस्त्री तर तिच्यावर फिरवताच येणार नाही.

सगळा थर खरवडून खालच्या विणलेल्या कापडापर्यंत जावं का? तसं केलं तर झाकणाचा आकार टिकेल का? आणि पट्ट्याचं काय? तिथे वजनही येतं आणि हाताचा मळही लागतो. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद :
पूर्ण खरवडू नका, आकार जातो. सुटे पापुद्रे तेवढे काढा आणि ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. कापड आधी धुऊन घ्या, म्हणजे आटायचं ते आटेल आणि रंग जातो का तेही कळेल. त्याला बकरम, म्हणजे ताठपणा देणारं कापड, इस्त्रीने आधीच लावून घ्या, पर्सवर चढवण्यापूर्वी. मग झाकणाच्या कडेवरून सेंटीमीटरभर कापड आत दुमडून अस्तरालाच तुरपाई करा. पकड कडेच्या शिलाईची राहील, म्हणून मधला थर पुढे सुटला तरी कापड हलणार नाही. डिंक फक्त कडेला, जागेवर धरण्यापुरता. रबराचा असेल तर दोन्ही बाजूंना पातळ लावून बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. पातळ सुती कापडातून त्याचा डाग वर येतो, त्यामुळे आधी एका तुकड्यावर बघा. खिडकी उघडी ठेवा.
पट्ट्याला काहीच चिकटवू नका. डेनिमची लांब पट्टी गुंडाळून टिचबटणं लावा. काढून धुता येईल.

धागाकर्ती :
अस्तराला शिवायचं सुचलंच नव्हतं, मनापासून आभार! आता एकच शंका : झाकणाला लोहचुंबकाचं बटण आहे. कापड त्याच्या भोवतीने कापून कडा दुमडू, की बटण काढून कापडावरून परत बसवता येतं?