मदत हवी आहे: बालनाट्यातला पाणसाप, ओंडका आणि बेडकांचे मुखवटे

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी मुलांचं वीसेक मिनिटांचं नाटक बसवतेय. बावीस मुलं आहेत, वय सहा ते अकरा. गोष्ट इसापाची. तळ्यातले बेडूक ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याच्याकडे राजा मागतात. झ्यूस वरून लाकडाचा ओंडका टाकतो. बेडूक आधी घाबरून तळाशी दडतात. मग हा काही हलत-बोलत नाही म्हटल्यावर त्याच्यावर चढून बसतात आणि दुसरा राजा द्या म्हणून पुन्हा गाऱ्हाणं नेतात. या खेपेला झ्यूस पाणसाप पाठवतो आणि तो एकेकाला गिळतो. (काही पुस्तकांत सापाच्या जागी बगळा असतो, पण आमच्या मुलांना सापच हवाय.) ऑलिंपस पर्वतावरचा देव आणि गोष्टीतले प्राणी एकत्र येतात, शिवाय सगळ्यांना काम मिळतं. झाड होऊन कुणाला उभं राहावं लागत नाही.

बेडकांची ओरड प्राचीन ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४०५ मधल्या बेडकांच्या नाटकातून घेतलीय: 'ब्रेकेकेकेक्स कोआक्स कोआक्स'. पहिल्या शब्दाला पायांचा ठेका, 'कोआक्स'ला उडी. लहान मुलं आता जिन्यातही तेच करत जातात.

अडलंय ते असं. ग्रीक नट डोकंभर मुखवटा घालायचे. आम्ही पुठ्ठ्याचे करून पाहिले, तर आवाज आतच घुमतो आणि मंडपात उभे माईक दोनच. ओंडका वरून पडायला हवा, पण खाली मुलं असणार.

आणि मुख्य म्हणजे शेवट. काही पालकांचं म्हणणं, सापाने कुणाला खाऊ नये, सगळे मित्र होऊ देत. मला हे अजिबात पटत नाही. मग गोष्टीत उरलं काय? तालमीत एका सात वर्षांच्या मुलीने विचारलं, "ओंडका काही त्रास देत नव्हता, मग त्यांना तो का नको होता?" त्यावरून मुलं घरी जाईपर्यंत भांडत होती. तो प्रश्न मला जपायचाय. पण गिळणं दाखवायचं कसं? सहा वर्षांचं मूल रडायला नको आणि गिळलेली मुलं विंगेत जाऊन दंगा करायला नकोत.

प्रतिसाद १:
तोंड मोकळंच ठेवा. हिरवी कानटोपी घ्या, तिच्यावर कपाळाच्या वर दोन मोठे डोळे शिवा. प्रेक्षक त्या डोळ्यांकडेच बघतात. ओंडका वरून टाकू नका. कापडाच्या दुकानात ताग्याची पुठ्ठ्याची नळी मिळते, तिच्यावर फोम गुंडाळून तपकिरी कापड चढवा आणि विंगेतून घरंगळत आणा. त्याच क्षणी ढोलाचा एक दणका द्या, म्हणजे आभाळातून पडल्याचं सगळ्यांना पटतं.

प्रतिसाद २:
ताई, शेवट बदलू नका. साप लांब कापडाचा करा, सुरुवातीला त्यात दोनच मुलं, पुढे तोंड धरणारं मोठं मूल. ज्याला गिळलं ते कापडाखाली शिरून मागे रांगेत लागतं. साप लांबत जातो, कुणी रंगमंच सोडत नाही. ओरड मात्र एकेका आवाजाने कमी होऊ द्या. शेवटी एकच बेडूक 'कोआक्स' म्हणेल. आम्ही शिबिरात असंच केलं होतं, लहान मुलं घाबरली नाहीत, उलट आधी मला गिळ म्हणून मागे लागली.

धागाकर्ती:
किती छान! गिळलेली मुलंच साप होतात, हे पालकांनाही दाखवून बघते. फक्त सांगा, अस्तराचं कापड चालेल का? दिव्यासमोर आतली मुलं दिसतील?

प्रतिसाद २:
दिसतील. जुन्या चादरी जोडून घ्या. आणि खालची कड घोट्यापर्यंतच ठेवा, नाहीतर मागची मुलं पायात अडकून पडतात.