शेजारच्या घरून आलेलं ताट – तुमचे अनुभव लिहा

तापीकाठची : आज नाश्त्याला कोकी, म्हणजे सिंधी जाड पोळी, केली. तव्यावर कांदा-अनारदाण्याचा वास सुटला आणि थेट जळगावचं घर आठवलं. भिंतीला भिंत लागून सिंधी काकूंचं घर. फाळणीत आईच्या कडेवर बसून आलेल्या. पीठ घट्ट मळायच्या, जाड लाटून अर्धकच्चं भाजायच्या, परत लाटायच्या, मग मंद आचेवर तूप सोडत बसायच्या. "घाई केली तर आतून कच्ची राहते, बेटा." थदडीला, म्हणजे त्यांच्या थंड जेवणाच्या सणाला, त्यांच्याकडे चूल पेटायची नाही, आदल्या रात्रीच्या कोकी न् गोड लोल्यांचं ताट आमच्याकडे यायचं. ताट रिकामं परत पाठवायचं नाही हे तर आलंच. पण कानबाईचे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या प्रसादाचे, रोट आमच्यात भाऊबंदांबाहेर देत नाहीत. आईला ते फार लागायचं, म्हणून ती काकूंसाठी वेगळं खापर चढवून पुरणाचे मांडे करायची. काकू गेल्या. त्यांचं एक ताट आमच्याकडेच राहिलंय, मागे नाव कोरलेलं. तुमचंही असं काही असेल तर लिहा.

भुसावळ जंक्शन : रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, आमच्याकडे अख्खा देश शेजारी. आंध्रच्या आंटी गोंगुऱ्याची चटणी द्यायच्या, गरम भातावर तेल घालून. आईने चाखली आणि म्हणाली, "अवो, ही तं आपली अंबाडी!" दुसऱ्या दिवशी आईची अंबाडीची भाजी न् कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर तिकडे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुपारभर ओट्यावर बसायच्या.

सातपुडा : ताटाचं वाचून डोळे भरले गं. जपून ठेव.

धुळेकर : बोहरी मित्राच्या घरी एका मोठ्या थाळाभोवती सगळे बसलो होतो. आधी चिमूटभर मीठ चाखायचं, मग जेवण. मी संकोचून आपल्या बाजूचंच खात होतो, तर त्याच्या आजीने चांगला तुकडा उचलून माझ्यासमोर ठेवला. अजून आठवतं.

शेवभाजी : सिंधी कढी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी ताक शोधत होते 😄 बेसन भाजून चिंचेची करतात, गवार-भेंडी-शेवग्याच्या शेंगा घालून. आता आमच्याकडे दर रविवारी.

केळीवाला : कामावर आहे, सावकाश लिहितो. पुण्यात घरगुती बिबड्या (आपले खानदेशी पापड) कुठे मिळतील?

शेवभाजी : @केळीवाला आईने उन्हाळ्यात केल्यात, ज्वारीच्या. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, पाठवते.

केळीवाला : माय वं! लगेच करतो.

सातपुडा : तापीकाठची, अनारदाणा नसेल तर कोकीत काय घालू? पोरांचा डबा भरायचाय.

तापीकाठची : थोडं आमचूर घाल. काकूही घालायच्या कधी कधी. कांदा मात्र बारीक चीर, नाहीतर लाटताना फाटते.